टीव्ही-मॉनिटरवर अक्षरं पुसट दिसतात? चित्र कुठं ताणलं जातंय ते असं शोधा

आधी लक्षणं जुळवा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं दुकान असो, गावाकडची दूध संस्था असो की घरातला हॉल, तक्रार एकाच वाक्यात येते: "पडदा नवा आहे, पण फोकस गेल्यासारखं दिसतंय." या एका वाक्यामागं निरनिराळे दोष असतात. त्यामुळं हात लावायच्या आधी खालच्यापैकी आपलं लक्षण कुठलं ते बघा.

- सगळंच सारखं धुरकट. एक्सेलच्या घरांच्या रेघा काही जाड, काही फिकट.
- कडा कापलेल्या. टास्कबार अर्धा पडद्याबाहेर, चॅनेलचा लोगो कोपऱ्यात तुटलेला.
- पांढऱ्यावर काळं अक्षर ठीक, पण काळ्या किंवा निळ्या पट्टीवरचं लाल अक्षर फाटलेलं.
- अक्षरांभोवती पांढरी कड, जणू कुणी बाह्यरेषा काढली आहे.
- एकच सॉफ्टवेअर पुसट, बाकी सगळं स्वच्छ.
- प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडला की दोघांतला एक बिघडतो.
- चेहरे रुंद, गोल वस्तू लंबगोल.
- अक्षराच्या उजवीकडं सावली, रेघा थरथरतात.
- मालिका, मॅच पुसट. टीव्हीचा स्वतःचा मेन्यू मात्र लख्ख.

यातली बहुतेक लक्षणं सेटिंगमधली असतात, त्यांना एक रुपया खर्च येत नाही. तरी लोक आधी केबल बदलतात, मग टीव्ही बदलायला निघतात. म्हणून तपासण्या फुकटापासून खर्चिकापर्यंत अशा क्रमानं दिल्या आहेत. क्रम मोडू नका.

पुसटपणा येतो कुठून

एलसीडी, एलईडी, ओएलईडी यांपैकी कुठल्याही पॅनेलवर ठिपके (पिक्सेल) कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. फुल एचडी पॅनेलवर १९२०×१०८०, ४के पॅनेलवर ३८४०×२१६०, आणि ३२ इंची "एचडी रेडी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टीव्हींवर १३६६×७६८. हेच त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेवर असे पक्के ठिपके मोजून बसवलेले नसायचे, त्यामुळं त्याला हा प्रश्न एवढा नडत नव्हता.

आलेल्या चित्रात पॅनेलपेक्षा कमी ठिपके असले तर मधले ठिपके कुणाला तरी हिशोबानं भरावे लागतात. त्यालाच अपस्केलिंग म्हणतात. १२८०×७२० चं चित्र १९२०×१०८० च्या पॅनेलवर आलं की प्रमाण दीडपट होतं, म्हणजे चित्रातल्या दोन ठिपक्यांना पॅनेलवर तीन जागा. चित्रात एक ठिपका काळा आणि शेजारचा पांढरा असेल, तर पॅनेलवर साधारण काळा, करडा, पांढरा असं उमटतं. तो मधला करडा ठिपका चित्रात नव्हताच. पुसटपणा म्हणजे पडदाभर पसरलेले असे लाखो करडे ठिपके.

प्रमाण बरोबर दुप्पट असलं, जसं १९२०×१०८० वरून ३८४०×२१६०, तर एका ठिपक्याचे चार सारखे ठिपके करून अक्षर अगदी धारदार ठेवता येतं. पण टीव्ही सहसा तसं करत नाहीत. चित्रपट मऊ दिसावा म्हणून ते दुप्पट करतानाही कडा मिसळतात. त्यामुळं "४के टीव्हीवर फुल एचडी दिलं, बरोबर दुप्पट आहे, मग पुसट का?" याचं उत्तर टीव्हीच्या गुळगुळीत करण्याच्या सवयीत आहे.

मराठीत हा दोष लवकर खटकतो. शिरोरेघ एकाच ओळीत काळी पडायच्या ऐवजी दोन ओळींत अर्धी-अर्धी करडी पडते, अनुस्वार आणि रफार बारीक असल्यानं विरघळतात, घ आणि ध, भ आणि म एकमेकांत मिसळतात. मतदारयादी किंवा सातबारा वाचणाऱ्या माणसाला याचा त्रास खरा असतो.

तपासणी १ : पडद्याचा स्वतःचा मेन्यू उघडा

टीव्हीच्या रिमोटवरचं किंवा मॉनिटरच्या खालचं मेन्यूचं बटण दाबा. मेन्यूची अक्षरं धारदार आणि मागचं चित्र पुसट असेल तर पॅनेल चांगलं आहे. मेन्यू टीव्ही स्वतःच काढतो, बाहेरच्या केबलचा किंवा कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नसतो. मेन्यूही पुसट, दुहेरी किंवा रेघांनी भरलेला दिसत असेल तर खालच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, थेट शेवटच्या भागात जा.

त्याच मेन्यूत माहितीचं पान असतं, किंवा रिमोटवर इन्फोचं बटण असतं. तिथं दिसणारा आकडा कागदावर लिहून ठेवा, उदाहरणार्थ १२८०×७२०, ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं). मग पडद्याच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पानावर पॅनेलचं रिझोल्यूशन बघा. खोक्यावर छापलेल्या "फुल एचडी सपोर्ट" वर विसंबू नका. सपोर्ट म्हणजे तेवढं चित्र आत घेतो, दाखवतो किती ठिपक्यांत ते वेगळं. स्वस्तातल्या छोट्या प्रोजेक्टरवर "१०८० सपोर्ट" लिहिलेलं असतं आणि आतलं पॅनेल ८००×४८० चं निघतं.

तपासणी २ : रिझोल्यूशन आणि स्केल

पुसट अक्षरांच्या तक्रारींत सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच आहे. अक्षर बारीक दिसतं म्हणून कुणीतरी रिझोल्यूशन उतरवून ठेवलेलं असतं. अक्षर मोठं होतं खरं, पण सोबत पुसटही होतं, आणि पुढं सहा महिने तो मॉनिटर खराब म्हणून ओळखला जातो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथं जा. डिस्प्ले रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढं "रेकमेंडेड" लिहिलं आहे तोच निवडा. अक्षर बारीक झालं तर त्याच पानावरचं स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. दोन्हींत फरक असा: रिझोल्यूशन उतरवलं की तयार झालेलं चित्र ताणलं जातं. स्केल वाढवलं की अक्षर मुळातच जास्त ठिपक्यांत काढलं जातं, म्हणून ते मोठंही होतं आणि धारदारही राहतं. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपला १२५ टक्के बऱ्याच जणांना पुरतं. पंचावन्न-साठीच्या पुढच्या कारकुनांना १५० ठेवून द्या, ते दुवा देतील.

कस्टम स्केलमध्ये ११० किंवा ११५ असे आकडे टाकू नका. जुनी सॉफ्टवेअर त्यावर अडखळतात आणि बटणं एकमेकांवर चढतात. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत आत या, नाहीतर आधीपासून उघडी असलेली काही सॉफ्टवेअर जुन्याच मापानं ताणलेली राहतात.

बदल पचला की नाही हे डोळ्यांनी खात्री करून घ्यायचं असेल तर कोरी एक्सेल शीट पडदाभर उघडा, झूम १०० टक्के ठेवा, आणि घरांच्या उभ्या रेघा जवळून बघा. मोबाइलचा कॅमेरा पडद्याच्या अगदी जवळ नेला तरी चालतं. नेटिव्हवर प्रत्येक रेघ एकाच ठिपक्याची, सगळ्या सारख्या जाडीच्या. ताणलेल्या चित्रावर एखादी रेघ ठळक, पुढची दोन ठिपक्यांत पसरून फिकट, परत ठळक अशी लय दिसते. अक्षरांच्या उभ्या दांड्यांच्या कडेला हलकी लाल-निळी छटा दिसली तर घाबरू नका, ती विंडोजच्या क्लिअरटाइपची असते. ती खटकत असेल तर स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधून चार-पाच नमुन्यांतून डोळ्याला बरा वाटेल तो निवडा.

ही खात्री ब्राउझरमधल्या चित्रावर करू नका. स्केल १२५ असताना ब्राउझर चित्रही सव्वापट करतो, आणि नसलेला दोष दिसायला लागतो.

तपासणी ३ : दोन पडदे एकत्र असतील तर

शाळेच्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात हमखास घडतं: लॅपटॉप १३६६×७६८ चा, प्रोजेक्टर १०२४×७६८ किंवा १२८०×८०० चा, आणि जोडणी डुप्लिकेटमध्ये. डुप्लिकेट म्हणजे दोघांना एकच चित्र, आणि दोघांचं नेटिव्ह वेगळं असेल तर एकाला ताणावं किंवा आवळावं लागणारच. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. "सेकंड स्क्रीन ओन्ली" निवडलं तर प्रोजेक्टरला त्याचं स्वतःचं रिझोल्यूशन देता येतं. एक्स्टेंड निवडलं तर दोन्ही पडदे आपापल्या नेटिव्हवर राहतात, फक्त फाइल दुसऱ्या पडद्यावर ओढून न्यावी लागते.

प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोननं (तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगनं) चित्र चौकोनी केलं असेल तर तेही एक ताणणंच आहे. वरच्या ओळी जास्त आवळल्या जातात, खालच्या कमी, म्हणून एका बाजूचं अक्षर जास्त पुसट दिसतं. कीस्टोन शून्यावर आणा, प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ मांडा, उंची कमी पडली तर खाली पुस्तकं ठेवा. नंतर लेन्सची फोकस रिंग फिरवा. हा क्रम उलटा केला तर फोकस कधीच बसत नाही.

तपासणी ४ : एकच सॉफ्टवेअर पुसट असेल तर

जुनी बिलिंगची, पतसंस्थेच्या खात्यांची, दूध संकलनाची सॉफ्टवेअर १०० टक्के स्केल गृहीत धरून लिहिलेली असतात. स्केल १२५ केलं की विंडोज त्यांची खिडकी छोटी काढून घेतं आणि चित्रासारखी ताणतं. बाकी सगळं स्वच्छ आणि तेवढंच धुरकट, असा प्रकार होतो.

त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. खालच्या ओव्हरराइडच्या चौकटीत टिक करा आणि आधी "सिस्टिम एन्हान्स्ड" वापरून बघा. बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं त्यानं मोठी आणि धारदार होतात, आयकॉन तेवढे पुसट राहतात. जमलं नाही तर "ॲप्लिकेशन" निवडा. अक्षर लख्ख येईल पण बारीक. रकमा वाचायच्या असतील तर बारीक आणि स्वच्छ बरं, पुसट आठाचा तीन वाचला गेला तर हिशोब चुकतो.

एनीडेस्कसारख्या रिमोट खिडकीत पुसट दिसत असेल तर तिथल्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ आकार निवडा. तिथं समोरच्याचा पडदा तुमच्या खिडकीच्या मापात आवळला जात असतो.

तपासणी ५ : टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर

शोरूम, हॉटेलचं काउंटर, हुपरीतली दागिन्यांची डिझाइनं काढणारी टेबलं, सगळीकडं आता मॉनिटरच्या जागी टीव्ही लागलेले दिसतात. टीव्ही मुळात चित्रपट-मालिकांसाठी जुळवलेला असतो. त्याला हे कॉम्प्युटर आहे असं सांगावं लागतं.

पहिलं, पिक्चर साइझ. १६:९ असं असलं तरी बरेच टीव्ही कडेचं थोडं चित्र कापून बाकीचं ताणतात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या जुन्या काळात कडेला नको ती घाण दिसू नये म्हणून ही सोय होती, ती अजून चालू आहे. फुल एचडी चित्र फुल एचडी पॅनेलवर येत असूनही पुसट दिसायचं हे नेमकं कारण. जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल, फिट टू स्क्रीन, यांपैकी जे नाव तुमच्या टीव्हीत असेल ते चालू करा. ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये सरकपट्टी ओढून चित्र आवळू नका. टास्कबार दिसेल, पण टीव्ही ताणतोय आणि कार्ड आवळतंय अशी दोनदा मोडतोड होईल.

दुसरं, इनपुटला पीसी असं नाव द्या. इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआय पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलायची सोय असते. काही कंपन्यांच्या टीव्हीत हे फक्त नाव नसतं. पीसी म्हटल्यावर टीव्ही चित्रावरच्या बऱ्याच प्रक्रिया बंद करतो आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा घेतो. काहींत पिक्चर मोडमध्ये ग्राफिक्स म्हणून असतं.

रंगाचं थोडं उलगडून सांगायला हवं. व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला असते, पण ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच असते. हलत्या चित्रात डोळ्याला ते कळत नाही. काळ्यावर लाल अक्षर मात्र लगेच फाटतं, कारण त्या अक्षराचा आकार बराचसा रंगातच असतो. तपासायला वर्डमध्ये काळी पार्श्वभूमी करून त्यावर १२ पॉइंटात लाल मजकूर टाइप करा. तो फाटला आणि पांढऱ्यावर काळा ठीक असला तर दोष रंगाचा आहे. ग्राफिक कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट कलर फॉरमॅट आरजीबी (प्रत्येक ठिपक्याला पूर्ण रंग) करा, रेंज फुल करा.

आरजीबीचा पर्याय ४के, ६० हर्ट्झवर दिसतच नसेल तर अडचण पोर्टमध्ये आहे. एचडीएमआय १.४ ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, त्यातून ४के ६० हर्ट्झ पूर्ण रंगात जात नाही. २.० ची क्षमता १८ गिगाबिट, तिथं आठ बिटांत जातं. पुष्कळ टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात, पोर्टशेजारी "४के ६०" छापलेला असेल तो वापरा. टीव्हीच्या मेन्यूत त्या पोर्टसाठी एन्हान्स्ड, अल्ट्रा एचडी कलर किंवा सिग्नल प्लस अशा नावाची गोष्ट चालू करावी लागते, ती कारखान्यातून बंद येऊ शकते. लॅपटॉपच जुना असेल तर वाचनाच्या कामाला ४के ३० हर्ट्झ आरजीबी घ्या. माउस थोडा ओढल्यासारखा चालेल, अक्षर स्वच्छ राहील.

तिसरं, शार्पनेस. नाव फसवं आहे. शार्पनेस वाढवल्यानं माहिती वाढत नाही, कडेच्या दोन्ही बाजूंना गडद-उजळ पट्टी चढते. अक्षरांभोवतीची पांढरी कड हीच. एक्सेलच्या रेघांकडं बघत शार्पनेस एकेक घर खाली आणा, कड गेली की थांबा. काही कंपन्यांत शून्य म्हणजे काहीच फेरफार नाही, काहींत ते मधल्या आकड्यावर असतं आणि शून्यावर चित्र मुद्दाम मऊ होतं. म्हणून आकडा पाठ करू नका, रेघ बघून ठरवा. नॉइज रिडक्शन आणि मोशनची सोय कॉम्प्युटरच्या इनपुटला पूर्ण बंद.

आणि एक स्पष्ट सांगतो. ३२ इंची १३६६×७६८ च्या टीव्हीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. चांगल्या नजरेच्या माणसाला सहा फुटांच्या आत असे ठिपके सुटे दिसू शकतात. तो काउंटरवर दोन फुटांवर ठेवलात तर कुठल्याच सेटिंगनं अक्षर गोळीबंद होणार नाही. त्यात कॉम्प्युटर त्याला १९२०×१०८० देत असेल तर जवळपास १.४ ठिपके एका ठिपक्यात कोंबले जातात. अशा टीव्हीला १३६६×७६८ देऊन बघा. एचडीएमआयवरून तो ते घेत नसेल तर १२८०×७२० आणि १९२०×१०८० मधलं डोळ्याला बरं वाटेल ते ठेवा. बिलिंगचं रोजचं काम असेल तर २२ ते २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्या. त्याचा ठिपका पाव मिलिमीटरच्या आसपास असतो.

तपासणी ६ : चित्र दोनदा तर ताणलं जात नाही ना?

विंडोजच्या डिस्प्ले पानावर खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले आहे. तिथं दोन आकडे दिसतात: डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड. पहिला म्हणजे विंडोजनं काढलेलं चित्र, दुसरा म्हणजे केबलवरून गेलेलं. दोन्ही एकच आणि पॅनेलच्या नेटिव्हएवढे असले तर कॉम्प्युटरकडून सगळं बरोबर आहे. पहिला १९२०×१०८० आणि दुसरा ३८४०×२१६० असेल तर ग्राफिक कार्ड ताणतंय. दोन्ही सारखे पण टीव्हीच्या इन्फोवरचा आकडा वेगळा असेल तर मधलं काहीतरी, स्प्लिटर, कन्व्हर्टर किंवा साउंडबार, चित्र बदलतंय.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये "नो स्केलिंग" निवडूनही हे पकडता येतं. चित्र मध्यभागी छोटं होऊन भोवती काळी चौकट आली तर सिग्नल नेटिव्हपेक्षा लहान होता हे सिद्ध झालं.

तपासणी ७ : केबल

एचडीएमआय केबल डिजिटल आहे. ती खराब झाली की पांढरे ठिपके चमकतात, चित्र जातं-येतं, पडदा काळा होतो. अक्षर पुसट होत नाही. त्यामुळं पुसट चित्रासाठी दोन हजारांची सोनेरी केबल विकत घेऊ नका. ४के ६० हर्ट्झला १८ गिगाबिटची प्रमाणित केबल लागते एवढंच, आणि ती शक्यतो पाच मीटरच्या आत ठेवा.

व्हीजीएची, म्हणजे जुन्या १५ पिनांच्या केबलची, गोष्ट निराळी. तो सिग्नल ॲनालॉग असतो, लांबी वाढली की कडा विरघळतात, पिन सैल असली की सावली पडते. मॉनिटरवर ऑटो ॲडजस्ट करण्याआधी पडदाभर पांढरी एक्सेल शीट उघडा. गडद वॉलपेपरवर मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही आणि तो चुकीचा बसतो. एवढं करून रेघा थरथरत असतील तर क्लॉक आणि फेज हातानं हलवा: आधी क्लॉक, उभे पट्टे जाईपर्यंत, मग फेज, रेघा स्थिर होईपर्यंत. दोन्हीकडं एचडीएमआय असेल तर मात्र एवढी मेहनत करू नका, दोन-चारशेची केबल आणा.

आपल्याकडं जुलै-ऑगस्टच्या पावसात व्हीजीएच्या पिना काळ्या-हिरव्या पडतात. दोन्ही यंत्रांचे प्लग काढा, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, पूर्ण वाळू द्या. ब्लेडनं खरवडू नका, मुलामा जातो. उद्यमनगर, शिरोलीच्या कारखान्यांत पोर्टमध्ये लोखंडाची बारीक पूड बसते. ती वीज वाहून नेते, त्यामुळं तिथं यंत्र चालू असताना प्लग लावणं-काढणं करू नका.

तपासणी ८ : पडद्याची ओळख पोहोचतेय का

रेकमेंडेड म्हणून १०२४×७६८ दिसतं आणि त्यावरचे पर्यायच नाहीत, असं असेल तर दोन शक्यता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॉप्टरखाली "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" दिसलं तर ग्राफिकचा ड्रायव्हर नाही. लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून टाका. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाळा.

मॉनिटर्सखाली "जेनेरिक नॉन पीएनपी मॉनिटर" दिसलं तर पडद्याची ओळख कॉम्प्युटरपर्यंत आली नाही. प्रत्येक पडद्यात ईडीआयडी नावाची छोटी नोंद असते, तीत त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन लिहिलेलं असतं. व्हीजीएत ती १२ आणि १५ नंबरच्या पिनेवरून येते. स्वस्त केबलमध्ये या तारा जोडलेल्याच नसतात किंवा पिन वाकून मोडलेली असते. केबल बदलली की काम होतं. एचडीएमआय स्प्लिटर असेल तर तो जोडलेल्या पडद्यांतल्या सगळ्यात कमी क्षमतेचीच ओळख पुढं देऊ शकतो. स्प्लिटर काढून सरळ जोडून बघा.

मालिका, मॅच आणि मोबाइल

सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट ५७६ वर असेल तर १०८०आय (एचडी) करा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनं बॉक्स जोडला असेल तर एचडी कधीच येणार नाही, त्या वायरीतून ५७६ ओळींपलीकडं चित्र जात नाही. एसडी, म्हणजे एचडी नसलेला साधा चॅनेल मुळातच ७२०×५७६ चा असतो. ४३ इंची ४के पडद्यावर तो मऊच दिसणार, यात टीव्हीचा दोष नाही.

यूट्यूबवर प्लेअरमध्ये "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. करंटपुढचा आकडा ६४०×३६० असेल तर नेटमुळं कमी दर्जा आला आहे, टीव्हीकडं बघूच नका.

एआय अपस्केलिंगबद्दल हल्ली बरंच विचारलं जातं. नवे टीव्ही आणि ग्राफिक कार्ड हरवलेला तपशील अंदाजानं भरतात, आणि मैदानावरच्या गवताला, कापडाच्या पोताला तो अंदाज छान बसतो. पण कागदपत्रांचे फोटो, नंबर प्लेट, जुन्या दस्तांतलं मोडीसारखं अक्षर यांवर ते वापरू नका. तिथं यंत्र न दिसणारं अक्षर स्वतःच ठरवतं आणि ते धारदार दिसतं म्हणून माणूस विश्वास ठेवतो.

मंडळाची एलईडी वॉल

गणेशोत्सवात, शिवजयंतीला हा फोन ठरलेला: "वॉलवर नावं वाचता येत नाहीत." आधी वॉलचे ठिपके मोजा. वॉल कॅबिनेट नावाचे चौकोनी तुकडे जोडून बनते, आणि पी ३.९१ म्हणजे दोन ठिपक्यांतलं अंतर ३.९१ मिलिमीटर. पी ३.९१ च्या ५०० मिलिमीटर चौरस कॅबिनेटमध्ये १२८×१२८ ठिपके असतात. आडवी ७ आणि उभी ४ कॅबिनेट म्हणजे साडेतीन मीटर बाय दोन मीटरची वॉल, आणि तिचं नेटिव्ह फक्त ८९६×५१२. लॅपटॉपवर १९२०×१०८० मध्ये बनवलेली देणगीदारांची यादी त्यावर निम्म्याहून कमी होते, आणि बारीक अक्षरांच्या मात्रा, अनुस्वार पहिल्यांदा जातात.

डिझाइनच ८९६×५१२ च्या पानावर करा. अक्षराची रेघ कमीत कमी दोन ठिपके जाड, आणि मात्रा-उकारासह ओळीची उंची ३० ठिपक्यांच्या खाली नेऊ नका. याचा अर्थ एका वेळी १२-१५ ओळीच. यादी मोठी असेल तर पानं करा. मग ऑपरेटरला सांगा की प्रोसेसरवर इनपुट विंडो ठिपक्याला ठिपका ठेव, फुल स्क्रीनला ताणू नको. पी ३.९१ ची वॉल चार मीटरच्या अलीकडून बघायची नसते, म्हणून पुढच्या खुर्च्याही तेवढ्या मागं घ्या.

इथं थांबा, माणूस बोलवा

टीव्हीचा स्वतःचा मेन्यूच दुहेरी, रेघांचा किंवा अर्ध्या भागात धुरकट असेल तर पॅनेल, त्याची पट्टी किंवा टी-कॉन बोर्डाचं (पॅनेलला चित्र पुरवणाऱ्या सर्किटचं) काम आहे. मागचं झाकण उघडू नका. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात, आणि वॉरंटीचं सील तुटलं की कंपनी हात वर करते.

एचडीएमआय प्लगच्या धातूला किंवा बॉक्सच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्या तर टीव्हीवाला नको, आधी इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासून घ्या. तोवर काहीही जोडू-काढू नका. पोर्ट जळण्याचं हे मोठं कारण आहे.

लॅपटॉपचं झाकण हलवल्यावर चित्र बदलत असेल तर बिजागरीतली डिस्प्ले केबल सुटत आली आहे, दुकानात द्या. प्रोजेक्टरमध्ये लेन्सच्या आत बुरशी किंवा धूळ दिसत असेल तर बाहेरून पुसून उपयोग नाही, आणि दिवा फुटला असेल तर खोली मोकळी करा, त्यात पारा असतो. एलईडी वॉलचं एखादं कॅबिनेट काळं किंवा सरकलेलं असेल तर ट्रसवर कुणाही कार्यकर्त्याला चढवू नका, वर २३० व्होल्ट चालू असतात.

माणूस बोलावताना फोनवर चार गोष्टी सांगा: मॉडेल नंबर, टीव्हीच्या इन्फोवरचा आकडा, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेवरचे दोन आकडे, आणि मेन्यू स्वच्छ आहे की पुसट. मोबाइलनं एक्सेलच्या रेघांचा जवळून फोटो काढा आणि तो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप तो आवळतं, आणि दोष पडद्याचा की फोटोचा हे समोरच्याला कळत नाही.